जीवकाची कुदळ आणि क्षयरोगाची गोळी

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची जी कथा येते, ती आपल्या विद्यालयात शिकलेल्या बहुतेकांच्या परिचयाची असेल. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर जीवकाने आचार्यांना विचारले, की या विद्येला अंत केव्हा? आचार्यांनी त्याला कुदळ घ्यायला सांगितले. तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि जे औषध नाही असे काही दिसेल ते घेऊन ये, एवढीच आज्ञा. जीवक सर्वत्र फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषध नसलेले असे काही मला आढळले नाही, हे त्याचे उत्तर ऐकून आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले. पुढे तो बिंबिसार राजाचा आणि भगवान बुद्ध व भिक्खुसंघाचाही वैद्य झाला.

लहानपणी ही कथा ऐकताना तिचा अर्थ निसर्गाच्या औदार्याशी लावला जातो. वैद्यकीय महाविद्यालयात ज्या विषयाला फार्माकॉलॉजी म्हणतात, तो औषधशास्त्राचा विषय शिकवू लागल्यावर मला तिचा दुसराही अर्थ दिसू लागला. जे जे शरीरात जाऊन काही घडवू शकते ते सारे औषध असेल, तर ते सारे विषही असू शकते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की किती, कोणाला, कशासाठी आणि किती दिवस? सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्सस याने मात्राच विष ठरवते हा विचार मांडला आणि आजचे औषधशास्त्र त्याच पायावर उभे आहे. महावग्गातील भेसज्जक्खंधकात तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भिक्खूंना अनुज्ञात केली आहेत, पण ती सात दिवसांहून अधिक काळ साठवू नयेत अशी मर्यादाही तेथेच घातली आहे. अन्न कोणते आणि औषध कोणते, हे पदार्थावरून नव्हे तर प्रसंगावरून आणि प्रमाणावरून ठरते, याची जाणीव त्या नियमामागे दिसते.

घराघरांत असणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळीपासून आरंभ करू. गोळी पोटात विरघळते, लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते आणि तेथून यकृतात येते. यकृत हे शरीराचे मोठे रसायनगृह आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक रेणूला ते पाण्यात सहज विरघळेल असे रूप देण्याच्या खटपटीत असते, म्हणजे मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता यावा. शोषण, वितरण, रूपांतर आणि उत्सर्जन या चार टप्प्यांतून जवळजवळ प्रत्येक औषध जाते. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास जो वेळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात. पॅरासिटामॉलचा तो सुमारे दोन ते तीन तासांचा असतो, म्हणून ताप पुन्हा चढतो आणि काही तासांनी दुसरी गोळी घ्यावी लागते. काही औषधांचा अर्धायुकाल दिवसभराचा असतो, त्यामुळे ती दिवसातून एकदाच घेतली तरी चालतात. डॉक्टर ‘दिवसातून तीनदा’ लिहितात किंवा ‘रोज एक’ लिहितात, ते या हिशोबाने लिहितात.

याच गोळीचा दुसरा धडा अधिक गंभीर आहे. पॅरासिटामॉलचा थोडासा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृताजवळचा ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्या विषाला तत्काळ निष्प्रभ करतो. मात्रा बेसुमार वाढली की हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे सांगतात ते याचसाठी. वसतिगृहातील लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने तुकडा मोडून देणे हा प्रकार माया म्हणून होतो, पण तो थांबलाच पाहिजे.

औषध शरीरात नेमके करते काय? पेशींच्या पृष्ठभागावर आणि पेशींच्या आत विशिष्ट आकाराचे प्रथिन-रेणू असतात. त्यांना ग्राही म्हणतात. काही औषधे या ग्राहींना चिकटून त्यांना जागे करतात. काही औषधे तेथे बसून दुसऱ्याला येऊ देत नाहीत. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूतील ग्राही जागे करते, त्यामुळे आवळलेला स्नायू सैल होतो. तशाच प्रकारचे ग्राही हृदयातही आहेत, म्हणून पंप घेतल्यावर काहींना धडधडते. दुष्परिणाम हा पुष्कळदा औषधाचा स्वतंत्र दुर्गुण नसतो. तोच गुण नको त्या ठिकाणी प्रकटलेला असतो.

जंतुनाशक औषधांची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. तेथे आघात करायचा असतो जंतूवर, आणि शरीराला मात्र वाचवायचे असते. जंतूमध्ये आहे पण माणसात नाही, अशी जागा शोधावी लागते. या शोधाचा इतिहास क्षयरोगाच्या औषधांइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. शिवाय हा रोग आपल्या वस्त्यांना परका नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आजही भारतात आहे. म्हणून पुढील विवेचन त्याच एका रोगाच्या अनुषंगाने करतो.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन हे मातीतील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक होते. मातीतले जीव एकमेकांशी झुंजतात आणि त्यासाठी काही रसायने सोडतात, त्यांतून औषध मिळेल अशी त्यांची धारणा होती. १९४३ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत, तळघरात काम करणाऱ्या अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयाच्या जंतूला रोखणारे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. (१९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले. त्याआधी शॅट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. प्रयोगशाळेतील श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.)

प्रयोगशाळेतील काचपात्रात जंतू मेला म्हणजे औषध झाले नाही. मेयो क्लिनिकमध्ये फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी ते क्षयबाधित गिनीपिगांना देऊन पाहिले आणि मग माणसाची पाळी आली. येथे एक अडचण होती. क्षयरोगी कधी कधी औषधाविनाही काही काळ सुधारतो, विश्रांतीने सुधारतो, चांगल्या आहाराने सुधारतो. मग सुधारणा औषधाची की विश्रांतीची, हे ठरवायचे कसे? तोवर डॉक्टरांच्या अनुभवावर आणि नावलौकिकावर असे प्रश्न निकालात निघत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने निराळा मार्ग निवडला. युद्धोत्तर ब्रिटनकडे स्ट्रेप्टोमायसिन फार थोडे होते, सर्वांना पुरणार नव्हतेच. तेव्हा संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी योजलेल्या पद्धतीप्रमाणे कोणाला औषध आणि कोणाला केवळ विश्रांती हे बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांवरून ठरवण्यात आले. डॉक्टरांची मर्जी, रुग्णाचा वशिला, चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज, यांतले काहीही त्या चिठ्ठीपर्यंत पोचू शकत नव्हते. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले होते, तर केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४.

कालाम सुत्त आपल्या विद्यालयात शिकवले जाते. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, हा त्यातील उपदेश. वैद्यकाने स्वतःच्या अधिकारी व्यक्तींच्या बाबतीत हे तत्त्व अमलात आणण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आज नव्या औषधाची खरी कसोटी म्हणजे अशी चिठ्ठीने गट पाडून केलेली चाचणी. शक्य असेल तेथे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही कोणत्या गटात काय दिले जात आहे हे कळू दिले जात नाही, कारण आशा हीसुद्धा निरीक्षण बिघडवते.

पण त्या चाचणीचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. पाच वर्षांनी त्याच रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा दोन्ही गटांतील अंतर बरेच पुसले गेले होते. ज्यांना औषध मिळाले होते त्यांच्यातलेही अनेक जण नंतर दगावले. कारण त्यांच्या फुफ्फुसांतील जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते.

हा प्रतिकार कोठून येतो हे समजले की सहा महिन्यांच्या औषधोपचाराचे सारे कोडे उलगडते. फुफ्फुसातील एका क्षयविवरात दहा कोटींपर्यंत, कधी त्याहूनही अधिक जंतू असू शकतात. जंतू विभागताना त्यांच्या आनुवंशिक मजकुरात अधूनमधून चुका होतात, आणि योगायोगाने एखादी चूक जंतूला एखाद्या औषधापासून वाचवणारी निघते. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. म्हणजे एकटे आयसोनियाझिड दिले तर दहा कोटींमधील शंभरएक जंतू आधीपासूनच तयार बसलेले असतात. बाकीचे मेले की मोकळे रान त्यांचेच. दोन्ही औषधे एकत्र दिली तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू शंभर लाख कोटींत एक, म्हणजे व्यवहारात नाहीच. एका औषधाचे काम तीन-चार औषधांवर सोपवण्यामागे हे गणित आहे. ‘एवढ्या गोळ्या कशाला?’ असे विचारणाऱ्या पालकांना मी हेच आकडे सांगतो, आणि माझा अनुभव असा की शाळेत न गेलेल्या आईलाही ते चटकन समजतात.

दुसरा प्रश्न मुदतीचा. अतिसारास कारण होणारे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात, आणि त्यांतले काही तर जवळजवळ निद्रिस्त राहतात. बहुतेक औषधे वाढत्या जंतूवर आघात करतात, झोपलेल्यावर नाही. पहिल्या दोन महिन्यांत वाढणारे बहुसंख्य जंतू मरतात, खोकला थांबतो, वजन वाढते, भूक लागते. उरलेले चार महिने त्या झोपलेल्यांसाठी असतात. रुग्णाला मात्र आपण बरे झालो असे वाटते, आणि तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आमच्या वेळी वसतिगृहात आठवीत असलेल्या एका मित्राचे असेच झाले. दिवाळीपर्यंत तो पुन्हा कबड्डी खेळू लागला होता. उरलेल्या गोळ्या त्याने लोखंडी पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवल्या, कारण मुलांसमोर गोळ्या घेण्याची त्याला लाज वाटत असे. पुढच्या पावसाळ्यात तो घरी गेला तो दहावीला आमच्यात नव्हता. त्या वेळी आम्हांपैकी कोणालाच हे गणित माहीत नव्हते.

आयसोनियाझिडची कथा शास्त्रापेक्षा अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. हा रेणू १९१२ साली प्राग येथे हान्स मेयर आणि योसेफ माल्ली यांनी तयार केला होता, पण तो कशाच्या उपयोगाचा हे त्यांना ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे तो रसायनशास्त्राच्या नियतकालिकात पडून राहिला. १९५२ साली तीन औषध कंपन्यांना स्वतंत्रपणे आढळले, की क्षयाच्या जंतूवर तो कमालीचा प्रभावी आहे. परंतु रेणू जुनाच असल्याने त्यावर कोणालाही मक्तेदारी सांगता आली नाही आणि औषध स्वस्त झाले. गरिबांच्या रोगावरचे सर्वांत मोलाचे औषध केवळ एका योगायोगाने गरिबांच्या आवाक्यात आले.

शरीरात ते कसे वागते, हेही पाहण्यासारखे आहे. आयसोनियाझिड स्वतः निष्क्रिय असते. जंतूमधील एक एन्झाइमच त्याला सक्रिय रूप देते, आणि मग ते जंतूच्या मेणचट भिंतीची बांधणी थांबवते. माणसात अशी भिंत नाही, म्हणून माणूस वाचतो. यकृतात त्याचे रूपांतर किती वेगाने होते हे मात्र प्रत्येकाच्या आनुवंशिकतेवर अवलंबून असते. काहींचे यकृत ते भराभर निकामी करते, काहींचे सावकाश. जपानी लोकांत सावकाश करणारे थोडे, तर भारतीयांत निम्म्याहून अधिक. ज्यांच्यात औषध जास्त वेळ रेंगाळते त्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि त्यावर पायरिडॉक्सिन, म्हणजे ब६ जीवनसत्त्व, देतात. दोन माणसे एकाच मात्रेला निरनिराळा प्रतिसाद का देतात, या प्रश्नाच्या अभ्यासाला या औषधाने मोठी चालना दिली. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून तेच औषध आपणही घेणे किती व्यर्थ, हे यावरून दिसेल.

आता मद्रासकडे वळू. १९५०च्या दशकात क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधाम, अशी सर्वत्र समजूत होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे आपल्याकडेही होती. स्वच्छ हवा, सकस आहार, संपूर्ण विश्रांती आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणे. देशात रुग्ण लाखो आणि खाटा काही हजार. १९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक केंद्र उभारले. वॉलेस फॉक्स या डॉक्टरांकडे त्याची धुरा होती. त्यांनी शहराच्या गरीब वस्त्यांतील सुमारे दोनशे रुग्णांना चिठ्ठीने दोन गटांत विभागले. एक गट आरोग्यधामात, दुसरा आपापल्या घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर. घरच्या रुग्णांना अन्न अपुरे होते, खोल्या दाटीच्या होत्या, आणि त्यांतले बरेच जण लवकरच कामावरही जाऊ लागले. औषध खरोखर घेतले जाते का, हे पाहण्यासाठी कर्मचारी अवचित घरी जात, गोळ्या मोजत आणि लघवी तपासत.

१९५९ साली निष्कर्ष आले तेव्हा जगातील क्षयतज्ज्ञांचा विश्वास बसेना. दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. घरच्यांना होणारी लागणही वाढलेली नव्हती, कारण लागणीचा मुख्य धोका निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो आणि औषध सुरू झाल्यावर रुग्ण झपाट्याने निर्धोक होत जातो. या एका प्रयोगाने जगभरच्या आरोग्यधामांची सद्दी संपवली. ज्यांनी तो घडवला ते रुग्ण मद्रासच्या झोपड्यांतले होते आणि त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत. आजही एखाद्या वस्तीत क्षयरुग्णाचे ताट-वाटी वेगळे केले जाते, मुलीचे लग्न मोडते, मुलाला वसतिगृहातून घरी धाडावे असा आग्रह धरला जातो, तेव्हा मला १९५९ सालची ती गोष्ट आठवते. योग्य औषध सुरू होऊन डॉक्टरांनी निर्वाळा दिल्यावर मुलाला वर्गाबाहेर ठेवण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. अस्पृश्यतेचा अनुभव गाठीशी असलेल्या समाजाला यावर अधिक काही सांगायला नको.

रिफाम्पिसिनमुळे उपचार सहा महिन्यांवर आला. त्याचा मूळ जीव १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइनच्या रानातील मातीत मिळाला, आणि मिलानच्या लेपेतित कंपनीतील संशोधकांनी त्या काळी गाजलेल्या ‘रिफिफी’ या चित्रपटावरून त्याच्या कुळाचे नाव ठेवले. मातीतील मूळ पदार्थापासून तोंडाने घेता येईल असे औषध घडवण्यास त्यांना बरीच वर्षे लागली. या औषधाने लघवी केशरी होते. ते घाबरण्याचे कारण नाही, पण आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरून औषध बंद करतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रिफाम्पिसिन यकृतातील एन्झाइमांना चेतवते आणि मग यकृत इतर औषधेही लवकर निकामी करू लागते. गर्भनिरोधक गोळ्या अपुऱ्या पडतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा बदलावी लागते, एचआयव्हीवरील काही औषधांशी त्याचे जमत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

नव्या औषधाचा आजचा मार्ग कसा असतो, ते थोडक्यात सांगतो. हजारो रेणू तपासून काही मोजके निवडले जातात, मग प्राण्यांवर विषारीपणाची परीक्षा होते. माणसातील पहिला टप्पा काही डझन, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांवर होतो आणि तो सुरक्षिततेचा असतो. दुसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्ण, मात्रा आणि परिणाम. तिसऱ्यात पुष्कळदा हजारो, जुन्या उपचाराशी तुलना. एकूण दहा-पंधरा वर्षे सहज जातात, आणि माणसातील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारात येते. बाजारात आल्यावरही पाळत ठेवावी लागते, कारण दहा हजारांत एकाला होणारा अपाय तीन हजारांच्या चाचणीत दिसेलच असे नाही. आपल्या देशात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. औषधाचा अपाय झाल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. हे फार थोड्यांना माहीत आहे. औषध निर्दोष असूनही त्यातील भेसळ जीव घेऊ शकते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यानंतर लेंटिन आयोग बसला.

चाचणीत भाग कोण घेतो, हा प्रश्न मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. १८९७च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे त्यांचे धैर्य. पण त्याच महिन्यात पुढचा मोठा प्रयोग झाला तो भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर. ते स्वेच्छेने पुढे आले असे सांगितले जाते, पण तुरुंगातील माणसाची स्वेच्छा किती स्वतंत्र असते? गरजू माणसाच्या सहीबद्दल हा प्रश्न आजही विचारावा लागतो. २०१९च्या नव्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता आवश्यक आहे, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे, आणि पूर्णपणे नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकांतील व्यक्ती असल्यास संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. संमतिपत्र मराठीत मागण्याचा, ते घरी नेऊन वाचून घेण्याचा आणि चाचणीतून केव्हाही कारण न देता बाहेर पडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. बाहेर पडल्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचण्यांना विरोध करावा असे माझे मत मुळीच नाही. मद्रासचे रुग्ण नसते तर आपण आजही आरोग्यधामांत खाट शोधत असतो. पण सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो हे कळलेच पाहिजे.

बेडाक्विलीन हे या मालिकेतील अलीकडचे नाव. बेल्जियममधील यान्सेन कंपनीत कून आन्द्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयजंतूच्या एका भराभर वाढणाऱ्या, निरुपद्रवी नातलगावर असंख्य रेणू तपासले. हाती लागलेला रेणू जंतूच्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालतो. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि २०१२च्या डिसेंबरात अमेरिकेने त्याला, तिसऱ्या टप्प्याची चाचणी पूर्ण होण्यापूर्वीच, मान्यता दिली. सुमारे चाळीस वर्षांत नव्या कुळातील क्षयाचे औषध आले नव्हते, म्हणून ही घाई. दुसऱ्या टप्प्यात औषध घेणाऱ्या गटातच मृत्यू अधिक झाले होते आणि त्याचे कारण स्पष्ट होत नव्हते, म्हणून वेष्टनावर ठळक इशारा छापावा लागला. हृदयाच्या विद्युत्स्पंदनांवर त्याचा परिणाम होतो आणि ते शरीरातून पूर्णपणे जाण्यास कित्येक महिने लागतात. पुढे दक्षिण आफ्रिकेतील हजारो रुग्णांच्या अनुभवातून दिसले, की या औषधाने मृत्यू वाढत नाहीत, उलट घटतात. घाई योग्य होती का? माझे मत असे, की ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता त्यांच्यासाठी योग्य होती, मात्र त्यांना हा इशारा समजावून सांगितला असेल तरच.

तोवर बहुऔषधप्रतिरोधी क्षयाच्या रुग्णांना काय मिळत होते? महिनोन्‌महिने कानामायसिनची इंजेक्शने. हे औषध स्ट्रेप्टोमायसिनचेच भाऊबंद. या कुळातील औषधे आतल्या कानातील नाजूक केसपेशी नष्ट करतात, आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. प्रभावी मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर जेथे इतके अरुंद असते, तेथे श्रवणशक्तीची नियमित तपासणी अनिवार्य असते, आणि ती सगळीकडे होत नव्हती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी तरुणी क्षयातून वाचल्या, पण त्यांची श्रवणशक्ती गेली.

२०१९ साली या दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. बेडाक्विलीनचे मूळ पेटंट २०२३ साली संपणार होते, आणि त्याच रेणूच्या एका क्षारावर नवे पेटंट मिळवून मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबवण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) ज्ञात औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याचे दाखवता आले नाही तर, पेटंट नाकारते. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाबाबत निर्णय दिला होता. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली.

२०२४ साली भारताने बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. पूर्वी याच रोगासाठी दीड ते दोन वर्षे लागत असत. प्रेटोमॅनिड तर टीबी अलायन्स या नफा न कमावणाऱ्या संस्थेने विकसित केले आहे. सरकारी केंद्रांत क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळत असत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. त्यासाठी रुग्णाची नोंद आणि बँक खाते लागते, तेव्हा पालकांनी पहिल्याच भेटीत त्याची चौकशी करावी. नव्या उपचारात एकही इंजेक्शन नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ नंतर कानामायसिन आपल्या शिफारशीतून वगळले आहे.